डॉ. होसोकावा आणि चारशे नंबरचे मांजर

या वेळी आम्ही ज्या डॉक्टरांची ओळख करून देत आहोत, त्यांना रोगाचे कारण सापडले होते, पण ते बरीच वर्षे दडून राहिले.

डॉ. हाजिमे होसोकावा यांचा जन्म १९०१ सालचा. जपानच्या क्यूशू बेटावर मिनामाता हे समुद्रकाठचे गाव. तेथील चिस्सो या रासायनिक कारखान्याच्या दवाखान्याचे ते प्रमुख होते. १९५० नंतरच्या काळात गावात विचित्र प्रकार दिसू लागला. कोळ्यांच्या घरची मांजरे वेडेवाकडे पाय टाकत, गरगर फिरत, तोल जाऊन समुद्रात पडत. लोक म्हणत, मांजरे नाचू लागली. एप्रिल १९५६ मध्ये दवाखान्यात एक लहान मुलगी आली. तिलाही नीट चालता-बोलता येईना. पाठोपाठ तिची धाकटी बहीण आली. १ मे रोजी होसोकावांनी सरकारी आरोग्य केंद्राला या अज्ञात रोगाची खबर दिली.

ज्या कारखान्याचा पगार घ्यायचा, त्याच्याच सांडपाण्यावर संशय घेणे सोपे नव्हते. तरीही जुलै १९५९ पासून त्यांनी अ‍ॅसिटाल्डिहाइड विभागाचे सांडपाणी एका मांजराच्या खाण्यात मिसळून पाहिले. प्रयोगातले ते ४०० नंबरचे मांजर. ऑक्टोबरात ते लटपटू लागले, झटके येऊन भिंतीवर आदळू लागले. सांडपाण्यातला मिथिल पारा लहान मेंदूच्या पेशी मारतो. पायांत बळ असते, पण त्यांचा मेळ बसत नाही. समुद्रात हे विष मासळीत साठे, आणि मासळी मांजर व माणूस दोघेही खात. (प्रयोगशाळेतल्या थर्मामीटरचा पारा याहून वेगळा, पण तो सांडला तर हात लावू नका, सरांना सांगा.)

कंपनीने प्रयोग थांबवायला लावले आणि निष्कर्ष दडपला. होसोकावा जाहीरपणे काही बोलले नाहीत. इथे आम्ही त्यांची बाजू घेणार नाही. कारखान्यातली ती प्रक्रिया बंद झाली थेट १९६८ मध्ये. ते स्वतः १९६२ मध्ये निवृत्त होऊन एहिमे प्रांतात परतले होते.

रोग्यांनी १९६९ मध्ये कंपनीवर दावा लावला. पुढच्या वर्षी होसोकावा कर्करोगाने रुग्णालयात होते. ४ जुलै १९७० रोजी खाटेवरूनच त्यांनी साक्ष दिली आणि त्या मांजराची सारी हकीकत सांगितली. ऑक्टोबरात ते वारले. मार्च १९७३ मध्ये कुमामोतोच्या न्यायालयाने रोग्यांच्या बाजूने निकाल दिला.