ॲलन ब्लुमलाइन

ॲलन डॉवर ब्लुमलाइन (२९ जून, १९०३ - ७ जून, १९४२) हे ब्रिटिश विद्युत अभियंते व संशोधक होते. दोन वाहिन्यांच्या ध्वनिमुद्रणाची, म्हणजेच आज ज्याला स्टिरिओ ध्वनी म्हणतात त्याची, तात्त्विक व व्यावहारिक मांडणी त्यांनी १९३१ साली केली. दूरध्वनी, ध्वनिमुद्रण, दूरचित्रवाणी आणि रडार या चारही क्षेत्रांत त्यांनी मूलभूत काम केले. सुमारे अठरा वर्षांच्या कारकिर्दीत त्यांच्या नावावर १२८ पेटंटे नोंदली गेली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात एका गुप्त रडार यंत्रणेची चाचणी चालू असताना विमान कोसळून वयाच्या ३८ व्या वर्षी त्यांचा मृत्यू झाला. आज घरोघरी वापरल्या जाणाऱ्या स्टिरिओ व सराउंड ध्वनियंत्रणांचा पाया त्यांच्या कामात आहे.

जन्म व शिक्षण

ब्लुमलाइन यांचा जन्म लंडनमधील हॅम्पस्टेड येथे झाला. त्यांचे वडील सेमी ब्लुमलाइन हे मूळचे जर्मन असून त्यांनी ब्रिटिश नागरिकत्व स्वीकारले होते. ते खाण अभियंता होते. आई जेसी डॉवर ही दक्षिण आफ्रिकेत काम करणाऱ्या एका स्कॉटिश मिशनऱ्याची मुलगी होती. ॲलन यांच्या नावातील 'डॉवर' हा भाग आईच्या माहेरच्या आडनावावरून आला आहे.

लहानपणापासून त्यांना यंत्रांची व विजेची ओढ होती. वयाच्या सातव्या वर्षी त्यांनी घराच्या दारावरील बिघडलेली विजेची घंटा दुरुस्त केली आणि स्वतःला विद्युत अभियंता म्हणवून त्या कामाचे बिल वडिलांना सादर केले, अशी आठवण सांगितली जाते. वाचनात मात्र ते मागे होते. बाराव्या वर्षापर्यंत त्यांना नीट वाचता येत नव्हते. पुढे लंडनच्या हायगेट स्कूलमध्ये त्यांचे शालेय शिक्षण झाले. शिष्यवृत्ती मिळवून त्यांनी इंपीरियल कॉलेजशी संलग्न असलेल्या सिटी अँड गिल्ड्स कॉलेजात प्रवेश घेतला आणि विद्युत अभियांत्रिकीची पदवी प्रथम श्रेणीत मिळवली.

दूरध्वनी क्षेत्रातील काम

१९२४ मध्ये ब्लुमलाइन इंटरनॅशनल वेस्टर्न इलेक्ट्रिक या कंपनीत रुजू झाले. ही कंपनी पुढे स्टँडर्ड टेलिफोन्स अँड केबल्स या नावाने ओळखली जाऊ लागली. लांब पल्ल्याच्या दूरध्वनी तारांमध्ये एका जोडीवरील बोलणे शेजारच्या जोडीवर ऐकू येण्याचा दोष असे. हा दोष आणि तारेतील ऊर्जाऱ्हास कमी करणारी सुधारित भारण-कुंडले त्यांनी जॉन पर्सिव्हल जॉन्स या सहकाऱ्याबरोबर तयार केली. विद्युत घटकांच्या अचूक मापनासाठी या दोघांनी ट्रान्सफॉर्मरवर आधारित एक सेतुमंडलही शोधले. मानवी कानाची वेगवेगळ्या कंपनसंख्यांबाबतची संवेदनशीलता मोजण्याचे कामही ब्लुमलाइन यांनी याच काळात केले. पुढील संशोधनात त्यांना या कामाचा उपयोग झाला.

कोलंबिया व ईएमआय

१९२९ मध्ये ते कोलंबिया ग्राफोफोन कंपनीत आले. तेथे त्यांचे वरिष्ठ आयझॅक शोनबर्ग होते. त्या वेळी तबकडीवर खाच कोरण्यासाठी वापरले जाणारे विद्युत-उपकरण अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेच्या पेटंटाखाली येत असे आणि प्रत्येक तबकडीमागे कंपनीला स्वामित्वशुल्क द्यावे लागे. हे पेटंट टाळणारी दुसरी पद्धत शोधणे हे ब्लुमलाइन यांच्यावर सोपवलेले पहिले काम होते. त्यांनी हर्बर्ट होल्मन व अन्य सहकाऱ्यांसह फिरत्या कुंडलावर चालणारे कोरणयंत्र तयार केले. त्यामुळे शुल्क तर वाचलेच, शिवाय मुद्रणाचा दर्जाही सुधारला.

१९३१ मध्ये कोलंबिया आणि ग्रामोफोन कंपनी यांचे विलीनीकरण होऊन ईएमआय ही कंपनी स्थापन झाली. लंडनच्या पश्चिमेस हेझ येथे तिची संशोधन प्रयोगशाळा होती. ब्लुमलाइन यांची पुढील सर्व कारकीर्द या प्रयोगशाळेत गेली.

स्टिरिओ ध्वनीचा शोध

१९३१ च्या सुमारास ब्लुमलाइन आपली भावी पत्नी डोरीन लेन यांच्यासह चित्रपट पाहण्यास गेले होते. बोलपटांचा तो आरंभीचा काळ होता आणि संपूर्ण ध्वनी एकाच स्पीकरमधून येत असे. पात्र पडद्याच्या एका टोकाला असले तरी आवाज दुसऱ्याच ठिकाणाहून ऐकू येत असे. ही विसंगती त्यांना खटकली. आवाजाने पात्राच्या मागोमाग जावे, यासाठी आपल्याकडे उपाय आहे, असे त्यांनी डोरीन यांना तेव्हाच सांगितले, असे म्हटले जाते.

१४ डिसेंबर १९३१ रोजी त्यांनी या विषयावरील पेटंटासाठी अर्ज केला. ते जून १९३३ मध्ये ३९४३२५ या क्रमांकाने मंजूर झाले. त्यात ७० दावे आहेत. ब्लुमलाइन स्वतः या ध्वनीला 'द्विकर्णी ध्वनी' या अर्थाची संज्ञा वापरत. 'स्टिरिओ' हे नाव नंतर रूढ झाले.

या पेटंटाचे मूळ मानवी श्रवणाच्या अभ्यासात आहे. डाव्या बाजूने येणारा आवाज डाव्या कानाला किंचित आधी पोहोचतो. दोन्ही कानांतील हा कालफरक एक मिलिसेकंदाहूनही कमी असतो. उच्च कंपनसंख्येच्या ध्वनीला डोक्याचा अडथळा होतो, त्यामुळे दूरच्या कानाला तो मंदही ऐकू येतो. या दोन फरकांवरून मेंदू आवाजाची दिशा ठरवतो. मात्र खोलीत दोन स्पीकर ठेवले असता दोन्ही कानांना दोन्ही स्पीकर ऐकू येतात. अशा स्थितीत स्पीकरच्या आवाजांच्या तीव्रतेत योग्य फरक ठेवला तर श्रोत्याच्या कानांपाशी त्याचेच रूपांतर कालफरकात होते, हे ब्लुमलाइन यांनी गणिताने दाखवले. म्हणजेच केवळ दोन वाहिन्यांवर दोन स्पीकरच्या मधल्या कोणत्याही बिंदूपाशी आवाजाचा भास निर्माण करता येतो.

पेटंटातील प्रमुख कल्पना पुढीलप्रमाणे होत्या :

- मायक्रोफोनांची जोडी : पुढून व मागून सारखेच, पण बाजूंनी जवळजवळ काहीच न ऐकणारे दोन मायक्रोफोन एकाच जागी, परस्परांशी ९० अंशांचा कोन करून ठेवणे. ही रचना आजही 'ब्लुमलाइन जोडी' या नावाने ओळखली जाते.
- एका खाचेत दोन वाहिन्या : तबकडीच्या खाचेच्या दोन भिंती परस्परांना काटकोनात व पृष्ठभागाशी ४५ अंशांत असतात. प्रत्येक भिंतीवर एक वाहिनी कोरल्यास एकच सुई दोन्ही वाहिन्या वाचू शकते.
- बेरीज व वजाबाकी : डाव्या व उजव्या वाहिनीऐवजी त्यांची बेरीज आणि वजाबाकी असे दोन संकेत तयार करणे, त्यांवर स्वतंत्र प्रक्रिया करणे आणि शेवटी त्यांतून मूळ वाहिन्या परत मिळवणे. बेरजेत दोन्ही बाजूंना समान असलेला ध्वनी असतो, तर वजाबाकीत दिशेची माहिती असते.

याच सुमारास अमेरिकेत बेल प्रयोगशाळेतही या विषयावर संशोधन चालू होते. त्यांनी वाद्यवृंदासमोर मायक्रोफोनांची रांग आणि श्रोत्यांसमोर स्पीकरांची तशीच रांग अशी कल्पना मांडली होती. एप्रिल १९३३ मध्ये त्यांनी फिलाडेल्फियातील वादन तीन वाहिन्यांवरून वॉशिंग्टनला ऐकवले. ब्लुमलाइन यांनी हाच परिणाम दोन वाहिन्यांत साधला, आणि त्या एका तबकडीवर सामावल्या, हे त्यांच्या पद्धतीचे वैशिष्ट्य होय.

प्रयोग

१९३३ च्या अखेरीस हेझ येथे पहिल्या स्टिरिओ तबकड्या कोरल्या गेल्या. त्यांत प्रयोगशाळेतील सहकारी खोलीत इकडून तिकडे चालत बोलत असल्याचे ध्वनिमुद्रण आहे. जानेवारी १९३४ मध्ये लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत टॉमस बीचम यांच्या संचालनाखाली लंडन फिलहार्मोनिक वाद्यवृंद मोझार्टच्या 'ज्युपिटर' सिंफनीचा सराव करत असताना त्याचे स्टिरिओ मुद्रण करण्यात आले. १९३५ मध्ये काही लघुचित्रपट तयार झाले. त्यांपैकी एकात हेझ स्थानकावरून जाणाऱ्या आगगाड्या दिसतात आणि गाडीबरोबर तिचा आवाजही पडद्यावर सरकत जातो. ज्या उणिवेपासून या शोधाची सुरुवात झाली होती, तिचे उत्तर या चित्रपटांतून मिळाले.

तरीही या शोधाचा व्यावसायिक वापर झाला नाही. जागतिक मंदीमुळे तबकड्यांची विक्री खालावली होती आणि नव्या पद्धतीसाठी ग्राहकांना सर्व साधने बदलावी लागली असती. ईएमआयने आपले बळ दूरचित्रवाणीकडे वळवले व ब्लुमलाइन यांनाही त्या कामावर घेतले.

दूरचित्रवाणी

शोनबर्ग यांच्या नेतृत्वाखालील गटाने ४०५ रेषांची संपूर्ण इलेक्ट्रॉनिक दूरचित्रवाणी पद्धत विकसित केली. तिच्या मंडलांच्या रचनेत ब्लुमलाइन यांचा मोठा वाटा होता. २ नोव्हेंबर १९३६ रोजी बीबीसीने लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेस येथून नियमित प्रक्षेपण सुरू केले, तेव्हा ही पद्धत आणि जॉन लोगी बेअर्ड यांची २४० रेषांची पद्धत आलटून पालटून वापरली जात असे. काही महिन्यांतच बेअर्ड यांची पद्धत बंद करण्यात आली. ४०५ रेषांचे प्रक्षेपण ब्रिटनमध्ये १९८५ पर्यंत चालू होते. मे १९३७ मध्ये राजे सहावे जॉर्ज यांच्या राज्यारोहणाच्या मिरवणुकीचे चित्र अलेक्झांड्रा पॅलेसपर्यंत वाहून नेणाऱ्या केबलच्या योजनेतही ब्लुमलाइन यांचा सहभाग होता.

दोन व्हॉल्व्ह एकत्र जोडून केवळ दोन संकेतांतील फरक वाढवणारे मंडल त्यांनी याच काळात तयार केले. त्याची सुधारित रूपे आजच्या बहुतेक ॲम्प्लिफायरांत आढळतात. १९३७ मध्ये त्यांनी ध्वनीतील विकृती कमी करणाऱ्या ॲम्प्लिफायर-रचनेचेही पेटंट घेतले. ती पुढे 'अल्ट्रालिनिअर' या नावाने प्रसिद्ध झाली.

वैयक्तिक जीवन

ब्लुमलाइन व डोरीन लेन यांचा विवाह १९३३ मध्ये झाला. डोरीन शिक्षिका होत्या. या दांपत्याला दोन मुलगे झाले. ब्लुमलाइन यांना आगगाड्या, घोडेस्वारी व विमानोड्डाण यांची आवड होती. त्यांनी वैमानिकाचा परवानाही मिळवला होता.

युद्धकाळ व मृत्यू

युद्ध सुरू होण्यापूर्वीच द्विकर्णी तत्त्वाचा उपयोग शत्रूच्या विमानांचा आवाजावरून माग काढण्यासाठी करण्यात आला. युद्ध सुरू झाल्यावर ब्लुमलाइन रडार संशोधनात गुंतले. १९४१ मध्ये त्यांनी रडारसाठी लागणारे अल्पावधीचे शक्तिशाली स्पंद निर्माण करणारी वाहिनी-रचना शोधली. ती 'ब्लुमलाइन रचना' या नावाने आजही वापरात आहे.

'एच-टू-एस' ही यंत्रणा विमानातून खालच्या जमिनीचे चित्र पडद्यावर दाखवत असे. त्यामुळे अंधारातही, दाट ढगांवरूनही वैमानिकांना लक्ष्य ओळखता येणार होते. ७ जून १९४२ रोजी या यंत्रणेच्या चाचणीसाठी हॅलिफॅक्स जातीच्या व्ही९९७७ क्रमांकाच्या विमानाने डिफर्ड येथील तळावरून उड्डाण केले. एका इंजिनाला आग लागून हे विमान हेरफर्डशायरमधील वेल्श बिकनर गावाजवळ कोसळले. विमानातील सर्व अकराजण ठार झाले. त्यांत ब्लुमलाइन यांच्यासह ईएमआयमधील त्यांचे सहकारी सेसिल ब्राउन व फ्रँक ब्लायदन हेही होते. प्रकल्पाचे प्रमुख बर्नार्ड लव्हेल त्या उड्डाणात नव्हते. त्यांनी अपघातस्थळी जाऊन यंत्रणेचे अवशेष शोधले. इंजिनाच्या झडपेशी संबंधित एक नट तपासणीनंतर पुरेसा आवळला गेला नव्हता व त्यातून आग लागली, असा निष्कर्ष चौकशीत निघाला.

इतक्या मोठ्या हानीनंतरही काम थांबले नाही. ३० जानेवारी १९४३ च्या रात्री हॅम्बुर्गवरील हल्ल्यात ही यंत्रणा प्रथम वापरली गेली. प्रकल्प गुप्त असल्याने ब्लुमलाइन यांच्या मृत्यूची बातमी त्या वेळी जाहीर करण्यात आली नाही. देशातील अग्रगण्य अभियंत्यांपैकी एक असूनही त्यांचे नाव सर्वसामान्यांपर्यंत पोहोचले नाही.

सराउंड ध्वनीशी संबंध

१९५८ पासून स्टिरिओ तबकड्या बाजारात सर्रास येऊ लागल्या. त्यांसाठी स्वीकारलेली खाच ४५ अंशांच्या दोन भिंतींचीच होती. तोवर ब्लुमलाइन यांच्या पेटंटाची मुदत संपली होती.

बेरीज-वजाबाकीचे तत्त्व पुढे एफएम स्टिरिओ प्रक्षेपणात वापरले गेले. १९७० च्या दशकात डॉल्बी प्रयोगशाळेने चित्रपटासाठी चार वाहिन्या दोन वाहिन्यांत सामावण्याची पद्धत आणली. तीत संवादांसारखा मध्यवर्ती ध्वनी दोन्ही वाहिन्यांत समान, तर प्रेक्षकांच्या मागून येणारा ध्वनी परस्परविरुद्ध कलेत ठेवला जातो. साहजिकच पहिला बेरजेत आणि दुसरा वजाबाकीत सापडतो. १९८० च्या दशकात हीच पद्धत घरगुती रिसीव्हरांत आली. रिसीव्हर दोन वाहिन्यांचा संकेत घेऊन त्यातून पुढचे डावे व उजवे, मधला आणि मागचे स्पीकर यांचे ध्वनी वेगळे करू लागला. नंतरच्या डिजिटल पद्धतींत प्रत्येक वाहिनी स्वतंत्रपणे साठवली जाते. तरीही दोन वाहिन्यांचे जुने संगीत किंवा चित्रपट अनेक स्पीकरांवर ऐकवताना आजचे रिसीव्हर समान व असमान भागांची हीच विभागणी करतात.

सन्मान व स्मृती

१९७७ मध्ये लंडनच्या ईलिंग भागातील त्यांच्या राहत्या घरावर स्मृतिफलक बसवण्यात आला. अपघातस्थळाजवळील गुडरिच किल्ल्यातील प्रार्थनागृहात रडार संशोधनात प्राण गमावलेल्यांच्या स्मरणार्थ रंगीत काचेची खिडकी आहे. त्यांची सविस्तर चरित्रे मात्र मृत्यूनंतर अर्धशतकाहून अधिक काळाने, १९९९ व २००० मध्ये प्रसिद्ध झाली. २०१५ मध्ये आयईईई या अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने स्टिरिओच्या शोधाची नोंद आपल्या ऐतिहासिक टप्प्यांत केली व ॲबी रोड स्टुडिओत फलक लावला. २०१७ मध्ये ध्वनिमुद्रण क्षेत्रातील कार्यासाठी त्यांना मरणोत्तर तांत्रिक ग्रॅमी पुरस्कार देण्यात आला.