विश्लेषण : सुकाणूविना बोट वळवणारा ओले एव्हिनरूड

कोराडीसारख्या तलावातली छोटी मोटारबोट असो वा महापुरातली बचाव पथकाची रबरी बोट, मागे टांगलेले इंजिन म्हणजे आउटबोर्ड मोटार घराघरांत नाव पोहोचावे इतकी लोकप्रिय केली ती ओले एव्हिनरूड यांनी.

कोण होते एव्हिनरूड?

जन्म १८७७चा, नॉर्वेतला. पाच वर्षांचे असताना कुटुंब अमेरिकेतील विस्कॉन्सिनमध्ये शेतीसाठी आले. शाळा लवकर सुटली. सोळाव्या वर्षी ते कारखान्यात काम शिकू लागले. उन्हात तलावापलीकडून बेससाठी आइस्क्रीम आणताना वल्ही मारून दमले आणि मोटार सुचली, अशी कथा सांगितली जाते. बेसशी त्यांचे १९०६ मध्ये लग्न झाले.

नवे काय केले?

आउटबोर्ड मोटार त्यांच्याआधीही होती. त्यांचे १९०९ मधील दीड अश्वशक्तीचे, सुमारे २८ किलोचे इंजिन मात्र विश्वासार्ह ठरले. हिशेब आणि जाहिरात बेस यांनी सांभाळली.

बोट वळते कशी?

येथे वेगळे सुकाणू नसते, पंखाच वळतो. दांडा डावीकडे ढकलला की पंखा उजवीकडे जातो, बोटीचा मागचा भाग डावीकडे सरकतो आणि तोंड उजवीकडे वळते. म्हणजे बोट मोटारीसारखी पुढून नव्हे, मागून वळते. धक्क्यालगत वळताना मागचा भाग आपटतो तो यामुळेच. इंजिन बंद केले की वळवण्याची ताकदही जाते. मोठ्या बोटींत म्हणूनच पुढच्या भागात आडवा छोटा पंखा, म्हणजे थ्रस्टर, बसवतात. तो तोंड थेट बाजूला ढकलतो.

कारखाना का विकला?

बेस यांची प्रकृती ढासळली. धंदा जोरात असतानाच, १९१४ च्या सुमारास एव्हिनरूड यांनी आपला हिस्सा भागीदाराला विकला आणि कुटुंबासह प्रवासाला निघाले. कंपनीसोबत स्वतःचे नावही गेले.

पुनरागमन कसे झाले?

पुढे त्यांनी ॲल्युमिनियम वापरून दोन सिलिंडरचे हलके इंजिन तयार केले. जुन्या कंपनीने ते नाकारले. तेव्हा १९२१ मध्ये दोघांनी ‘एल्टो’ ही नवी कंपनी काढली आणि स्वतःच्याच नावाशी स्पर्धा केली. १९२९ मध्ये दोन्ही कंपन्या एकत्र आल्या, नाव परत मिळाले. बेस १९३३ मध्ये गेल्या. पुढच्याच वर्षी एव्हिनरूड यांचेही निधन झाले. दांडा धरून बोट वळवण्याची रीत मात्र आजही तीच आहे.