साठ अभ्यासक्रमांचा विद्यार्थी

कला शाखेत नाव घातले की घरीदारी एक प्रश्न हमखास कानावर येतो. हे शिकून पुढे करणार काय? शास्त्र शाखेच्या विद्यार्थ्याला हा प्रश्न कोणी विचारीत नाही. त्यातून परदेशी शिक्षणाची गोष्ट निघाली, तर मग बोलायलाच नको. कर्ज काढून, नाही तर शिष्यवृत्ती मिळवून सातासमुद्रापलीकडे जायचे आणि शिकायचे काय, तर इतिहास आणि समाजशास्त्र! ही कल्पना आपल्याकडे अजूनही चैनीची वाटते. या प्रश्नाला युक्तिवादाने उत्तर देण्यापेक्षा एका विद्यार्थ्याची हकीकत सांगणे मला अधिक बरे वाटते. त्या विद्यार्थ्याचे नाव भीमराव रामजी आंबेडकर.

बाबासाहेबांना आपण राज्यघटनेचे शिल्पकार म्हणून ओळखतो. महाडच्या सत्याग्रहाचे आणि नागपूरच्या धर्मांतराचे नेते म्हणून ओळखतो. परंतु १९१३ ते १९२३ या दहा वर्षांत न्यूयॉर्क आणि लंडन येथे पुस्तकांच्या ढिगाऱ्यात बसलेला जो तरुण होता, त्याचा परिचय आपल्याला तितकासा नाही. पुढचे बाबासाहेब घडले ते पुष्कळसे त्या बैठकीत.

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे गावचे. वडील रामजी सकपाळ लष्करात सुभेदार होते. त्यांना वाचनाची आवड होती, आणि मुलगा शिकावा म्हणून वाटेल ते करण्याची त्यांची तयारी होती. साताऱ्याच्या शाळेत हा मुलगा घरून आणलेल्या गोणपाटावर इतरांपासून दूर बसे. तहान लागली तर शिपायाने वरून पाणी ओतावे, तेव्हा प्यावे. शिपाई नसेल त्या दिवशी तहानेलेच राहावे. पुढे मुंबईला आल्यावर त्यांना संस्कृत शिकायचे होते. तेही अस्पृश्याच्या मुलाला मिळाले नाही, आणि त्यांनी फारसी घेतली. ज्या भाषेतील ग्रंथांच्या आधारे आपल्याला दूर बसविले जाते, ती भाषाच शिकू दिली जात नाही, ही गोष्ट त्या वयात मनाला किती लागली असेल! पुढे त्यांनी संस्कृतचा अभ्यास स्वतःच्या बळावर केला.

१९०७ साली ते मॅट्रिक झाले. त्या निमित्ताने भरलेल्या सत्काराच्या सभेत कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्यांना आपण लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. याच केळुसकरांनी त्यांना बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे नेले आणि महिना पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळवून दिली. एल्फिन्स्टन महाविद्यालयातून बी. ए. झाल्यावर ते बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले. पण थोड्याच दिवसांत वडिलांच्या आजारपणामुळे त्यांना मुंबईस परतावे लागले, आणि २ फेब्रुवारी १९१३ रोजी रामजी वारले. पदवी हाती आली होती, परंतु तिचे चीज झालेले पाहायला वडील राहिले नव्हते.

त्याच वर्षी सयाजीरावांनी काही विद्यार्थी अमेरिकेला पाठविण्याचे ठरविले, आणि त्यांत भीमरावांची निवड झाली. शिष्यवृत्ती महिना साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे, आणि परत आल्यावर संस्थानची दहा वर्षे नोकरी, असा करार होता. जुलै १९१३ मध्ये बावीस वर्षांचा हा तरुण न्यूयॉर्कला पोहोचला आणि कोलंबिया विद्यापीठात दाखल झाला. मुंबईत पत्नी रमाबाई घर सांभाळीत होत्या. शिष्यवृत्तीतूनच काही रक्कम घरी धाडायची, म्हणजे न्यूयॉर्कमध्ये पोटाला चिमटा घेणे आलेच.

तेथे पहिल्यांदाच असे घडले की वर्गात कोणत्या बाकावर बसायचे, कोणाबरोबर जेवायचे, पाणी कोठे प्यायचे, हे प्रश्नच उरले नाहीत. लिव्हिंग्स्टन हॉल या वसतिगृहात नवल भथेना नावाचा पारशी विद्यार्थी त्यांच्याबरोबर होता; ही मैत्री जन्मभर टिकली. या मोकळेपणाने एखादा तरुण सुखावला असता, रमला असता. भीमरावांनी तो वेळ कसा वापरला, हे त्यांच्या अभ्यासाच्या नोंदीवरून दिसते. तीन वर्षांत त्यांनी अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम घेतले, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३ आणि प्राथमिक फ्रेंच व जर्मन यांचा एकेक. एकूण साठ! पदवीसाठी लागतात तेवढेच विषय घेऊन मोकळे होण्याची वृत्ती आपल्या सर्वांच्या ओळखीची आहे. हा विद्यार्थी मात्र ताटात पडेल त्यावर थांबणारा नव्हता.

शिक्षकही तसेच लाभले. अर्थशास्त्राला एडविन सेलिग्मन होते. सार्वजनिक वित्तव्यवहारावर त्यांचा मोठा अधिकार होता. इतिहास म्हणजे केवळ राजे आणि लढाया नव्हेत, सामान्य माणसाचे विचार आणि व्यवहार हाही इतिहासच, असे मांडणारे जेम्स हार्वे रॉबिन्सन होते. तत्त्वज्ञानाला जॉन ड्यूई होते. लोकशाही ही केवळ मतदानाची रीत नसून माणसांनी एकमेकांबरोबर जगण्याची तऱ्हा आहे, हा ड्यूईंचा विचार बाबासाहेबांच्या मनात किती खोल रुजला, ते १९३६ च्या ‘अॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ या पुस्तकात दिसते. तेथे त्यांनी आपल्या या गुरूचे ऋण नाव घेऊन मान्य केले आहे.

१९१५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार आणि वित्तव्यवस्था या विषयावरील प्रबंधासह ते एम. ए. झाले. परंतु माझ्या मते त्यांच्या न्यूयॉर्कच्या दिवसांचा कळस म्हणजे ९ मे १९१६ हा दिवस. त्या दिवशी मानववंशशास्त्राचे प्राध्यापक अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी एक निबंध वाचला. विषय होता भारतातील जातिसंस्था: तिची यंत्रणा, उगम आणि वाढ. निबंध वाचणाऱ्याचे वय अवघे पंचवीस.

या निबंधातील विचारांची साखळी थोडक्यात सांगण्यासारखी आहे. जातीचे मर्म कशात? विटाळात नाही, धंद्यात नाही. ते जातीतल्या जातीतच लग्न करण्याच्या नियमात आहे. पण एखाद्या गटाने बाहेरची लग्ने बंद केली, की त्या गटात स्त्रियांची आणि पुरुषांची संख्या सारखी राहिली पाहिजे. नवरा मेला तर बायको जास्त होते. ती जातीबाहेर लग्न करील ही भीती. बायको मेली तर नवरा जास्त होतो; त्याला जातीतच वधू हवी. मग विधवेला जाळून टाका, किंवा जन्मभर वैधव्यात ठेवा. आणि विधुरासाठी लहान मुलगी आणा. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या तीन चाली जातीचे कुंपण शाबूत ठेवण्याचे उपाय आहेत, असे त्यांनी दाखवून दिले. हे कुंपण प्रथम ब्राह्मणवर्गाने घातले. इतरांनी काही अनुकरणाने उचलले, तर काहींना दार लावून घेतल्यामुळे बाहेर राहावे लागले. कोणा एका मनूने जात निर्माण केली, हे त्यांना पटत नव्हते. आणि जातिभेद म्हणजे वंशभेद, हेही पटत नव्हते.

या निबंधात त्यांनी नेसफील्ड, रिस्ले, सेनार या पंडितांच्या व्याख्या तपासल्या, तशीच एका मराठी माणसाचीही तपासली. ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर हे त्यांच्या आधी न्यूयॉर्क राज्यातच, कॉर्नेल विद्यापीठात शिकत होते, आणि त्यांचा जातिसंस्थेवरील इंग्रजी ग्रंथ १९०९ मध्ये प्रसिद्ध झाला होता. महाराष्ट्रातले दोन तरुण काही वर्षांच्या अंतराने अमेरिकेत जातात आणि दोघेही तेथे बसून आपल्याच गावगाड्याचे कोडे उलगडू पाहतात, हे मला फार बोलके वाटते. घरात राहून घराचा पाया दिसत नाही, तो कधी कधी दुरून दिसतो. आणि पाहायला जी नजर लागते ती मानववंशशास्त्राने, समाजशास्त्राने दिली. गोणपाटावर बसणाऱ्या मुलाला आपण दूर बसतो एवढे कळत होते. का बसतो, ते त्याने येथे शोधून काढले.

१९१६ मध्ये ते लंडनला गेले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये त्यांनी अर्थशास्त्रासाठी आणि ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीसाठी नाव घातले. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. न्यूयॉर्कमध्ये जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून पै पै वाचवून त्यांनी सुमारे दोन हजार पुस्तके जमविली होती. त्यांपैकी आणि लंडनमध्ये घेतलेल्यांपैकी पुष्कळशी वेगळ्या बोटीने धाडली होती. महायुद्ध चालू होते. ती बोट पाणतीराने बुडाली आणि पुस्तके समुद्राच्या तळाशी गेली.

त्याहून मोठे दुःख बडोद्यात वाट पाहत होते. करारानुसार ते नोकरीवर हजर झाले, पण शहरात राहायला जागा मिळेना. कचेरीतले शिपाई कागद हातात न देता दुरून टाकीत. एका पारशी धर्मशाळेत त्यांनी आसरा घेतला, तर काही दिवसांनी हातांत काठ्या घेतलेला जमाव दाराशी आला. कोलंबियाचा एम. ए. असलेला हा मनुष्य सामान उचलून बाहेर पडला आणि मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत सार्वजनिक बागेत बसून राहिला. मित्रहो, शिक्षणाने माणसाला मान मिळतो असे आपण नेहमी म्हणतो. या प्रसंगात शिक्षण कमी पडले नव्हते; समाज कमी पडला होता. आपण विद्वान झाल्याने आपली जात विसरली जात नाही, हे त्यांना त्या दिवशी पुरतेपणी कळले असावे.

नोव्हेंबर १९१८ मध्ये ते मुंबईच्या सिडनेहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. अपुरा अभ्यास त्यांना स्वस्थ बसू देत नव्हता. पगारातून शिल्लक टाकून, शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेनांकडून उसने पैसे घेऊन १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. तत्पूर्वी ३१ जानेवारी १९२० रोजी त्यांनी ‘मूकनायक’ सुरू केला होता. लंडनमध्ये राहणे भाड्याच्या खोलीत, दिवस ब्रिटिश म्युझियमच्या आणि इंडिया ऑफिसच्या ग्रंथालयात, आणि जेवण जेमतेम. किंग हेन्रीज रोडवरचे जे घर त्यांचे काही काळ वसतिस्थान होते, ते २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने विकत घेतले.

१९२१ मध्ये ते एम. एस्‌सी. झाले. मग रुपयाच्या प्रश्नावर डी. एस्‌सी.चा प्रबंध लिहिला. सरकारने आपल्या मर्जीने रुपये पाडावेत आणि त्यांचा भाव पौंडाशी बांधावा, ही पद्धत केन्ससारख्या अर्थशास्त्रज्ञाला पसंत होती. भीमरावांनी तिच्याविरुद्ध मत मांडले. चलन असे मोकाट सुटले की महागाई होते आणि तिची झळ गरिबाला अधिक लागते, हा त्यांच्या म्हणण्याचा रोख. परीक्षकांनी आक्षेप घेतले आणि प्रबंध सुधारून मागितला. पैसे संपल्याने १९२३ मध्ये ते मुंबईस परतले, येथून प्रबंध दुरुस्त करून पाठविला, आणि त्याच वर्षी तो मान्य होऊन प्रसिद्धही झाला. गुरू एडविन कॅनन यांनी प्रस्तावना लिहिली आणि तीत शिष्याशी आपले कोठे पटत नाही तेही सांगितले. असे गुरू आणि असे शिष्य दोन्ही दुर्मीळ!

कोलंबियाच्या पीएच. डी.ची कथा तर आणखी लांबली. प्रबंधाच्या छापील प्रती दिल्याविना ती पदवी मिळत नसे. प्रांतिक वित्तव्यवस्थेवरील त्यांचा ग्रंथ १९२५ मध्ये छापून झाला आणि पदवी मिळाली ती जून १९२७ मध्ये. त्याच वर्षी २० मार्चला महाडच्या चवदार तळ्याचे पाणी त्यांनी ओंजळीत घेतले होते. एकाच सालात एक पदवी आणि एक ओंजळ! मला या दोन गोष्टी निराळ्या वाटत नाहीत.

पुढचे चरित्र सर्वांना ठाऊक आहे. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना १९४२ मध्ये त्यांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या परदेशी शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या मागितल्या. १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले. ५ जून १९५२ रोजी कोलंबिया विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. त्याआधी चारच दिवस ड्यूई निवर्तले होते. ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महानिर्वाण झाले.

ही जुनी गोष्ट आज सांगण्याचे एक कारण आहे. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना परदेशी पाठविणारी केंद्र सरकारची शिष्यवृत्ती स्वातंत्र्यानंतर सुरू झाली. तिच्या २०२२ च्या नियमांत भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचा सामाजिक अभ्यास हे विषय वगळण्यात आले. हे विषय येथेच शिकता येतात, परदेशी कशाला जायचे, असा विचार त्यामागे असेल. तो अगदीच टाकाऊ आहे असेही नाही. परंतु १९१३ मध्ये सयाजीराव महाराजांनी असाच नियम केला असता, तर ९ मे १९१६ चा तो निबंध बडोद्याच्या पैशाने लिहिला गेला नसता. याचा विचार व्हावा, एवढेच माझे म्हणणे.

महाराष्ट्र शासनाने बाबासाहेबांचे इंग्रजी लेखन खंडशः प्रसिद्ध केले. १९७९ मध्ये निघालेल्या पहिल्या खंडात तो निबंध आहे. एका बैठकीत वाचून होतो. हे शिकून पुढे करणार काय, असा प्रश्न पुन्हा कोणी विचारला, तर उत्तर देण्याआधी आपण तो एकदा वाचावा.