विश्लेषण : मैफलीसाठी लिहिलेल्या सिम्फनीवर बॅले बसवावा का? लिओनिद मासीन यांच्या प्रयोगांवरून इतका वाद का झाला?

एप्रिल १९३३ मध्ये माँटे कार्लोच्या रंगमंचावर चायकोव्हस्की यांची पाचवी सिम्फनी पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत वाजली आणि तिच्यावर अख्खा बॅले सादर झाला. ही सिम्फनी नाचासाठी लिहिलेलीच नव्हती. सहा महिन्यांनी लंडनमध्ये ब्राम्स यांच्या चौथ्या सिम्फनीवर दुसरा बॅले आला. संगीत समीक्षकांमध्ये दोन तट पडले. काहींना हा थोर संगीतावरचा अत्याचार वाटला, तर काहींना बॅलेच्या इतिहासातला नवा टप्पा. हे दोन्ही बॅले बसवणारे होते रशियन नृत्यदिग्दर्शक लिओनिद मासीन. पुढे हेच बॅले न्यायालयातही पोहोचले.

वाद नेमका काय?

आपल्याकडे चित्रपटगीताबाबत चाल आधी की शब्द आधी, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. बॅलेमध्ये तोच प्रश्न नाच आणि संगीताबाबत आहे. १९व्या शतकातील रशियात उत्तर ठरलेले होते. नृत्यदिग्दर्शक मारियुस पेतिपा संगीतकाराला यादी द्यायचे: इथे इतक्या मात्रा, इथे हलकी लय, इथे नायिकेचा प्रवेश. ‘स्लीपिंग ब्यूटी’चे (१८९०) संगीत चायकोव्हस्की यांनी अशाच सविस्तर सूचनांबरहुकूम लिहिले.

सिम्फनीचे तसे नसते. ती मोठ्या वाद्यवृंदासाठी, बहुधा चार भागांत लिहिलेली आणि शांत बसून ऐकायची रचना. तिच्यात टाळ्यांसाठी थांबा नाही, कपडे बदलायला वेळ नाही, नर्तकाला दम घ्यायला जागा नाही. शिवाय, ती स्वतःमध्ये पूर्ण आहे. मग तिच्यावर नाच कशाला, असा विरोधकांचा सवाल होता.

मासीन यांच्याआधी असे प्रयोग झाले होते का?

झाले होते, पण तुरळक. इझाडोरा डंकन या अमेरिकी नर्तकीने २०व्या शतकाच्या सुरुवातीलाच बीथोव्हेन यांच्या सातव्या सिम्फनीवर नाचून खळबळ उडवली होती. मात्र ती एकटी नाचत असे आणि बॅलेचे तंत्र तिला मान्यच नव्हते. मिखाईल फोकिन यांनी शोपाँ यांच्या पियानोरचना एकत्र करून बसवलेला बॅले पॅरिसमध्ये १९०९ साली ‘ले सिल्फीद’ या नावाने गाजला. पण त्या छोट्या रचना होत्या, त्यातल्या अनेक तर नाचाच्याच तालावर बेतलेल्या. १९२३ मध्ये फ्योदोर लोपुखोव्ह यांनी पेत्रोग्राडमध्ये बीथोव्हेन यांच्या चौथ्या सिम्फनीवर ‘डान्स सिम्फनी’ बसवली. तिचा एकच प्रयोग झाला. त्यात नाचणाऱ्या तरुणांमध्ये जॉर्ज बॅलन्शिन हे नाव होते. ते पुन्हा येईलच.

मासीन कोण होते?

मासीन यांचा जन्म १८९६ साली मॉस्कोत झाला. मूळ आडनाव म्यासिन. वडील बोल्शॉय थिएटरच्या वाद्यवृंदात हॉर्न वाजवत, आई तिथल्याच समूहगानात गात असे. म्हणजे घरात सकाळ-संध्याकाळ वाद्यवृंदाचेच वातावरण. आठव्या वर्षी ते मॉस्कोच्या शाही नाट्यशाळेत दाखल झाले. तिथे नाच आणि अभिनय दोन्ही शिकवले जात आणि तरुण मासीन यांचा ओढा अभिनयाकडे अधिक होता.

१९१३ च्या अखेरीस सर्गेई डायगिलेव मॉस्कोत आले. त्यांच्या ‘बॅले रूस’ या कंपनीचा सर्वांत मोठा तारा निजिन्स्की याने परस्पर लग्न केले म्हणून डायगिलेव यांनी त्याला काढून टाकले होते. रिचर्ड स्ट्राउस यांच्या संगीतावरच्या नव्या बॅलेसाठी त्यांना नायक हवा होता. त्यांची नजर १७ वर्षांच्या मासीन यांच्यावर गेली. मासीन नकार द्यायचे ठरवून भेटायला गेले आणि होकार देऊन परतले. मे १९१४ मध्ये पॅरिसच्या ऑपेरात ते नायक म्हणून उभे राहिले.

डायगिलेव यांच्याकडे काय शिकले?

नाचाचे तंत्र त्यांनी एन्रिको चेकेत्ती या इटालियन गुरूंकडे पक्के केले. बाकीचे शिक्षण संग्रहालयांत झाले. फ्लोरेन्सच्या उफित्सी संग्रहालयात सिमोने मार्तिनी यांच्या जुन्या धार्मिक चित्रासमोर उभे असताना डायगिलेव यांनी त्यांना बॅले बसवशील का, असे विचारले. मासीन आधी नाही म्हणाले आणि काही क्षणांतच त्यांनी आपला शब्द फिरवला.

१९१५ मध्ये त्यांचा पहिला बॅले आला. १९१७ मध्ये एरिक साती यांचे संगीत आणि पिकासो यांची वेशभूषा असलेल्या ‘पराद’ने पॅरिसमध्ये गोंधळ उडवला. १९१९ मध्ये मॅन्युएल दे फाया यांच्या संगीतावरचा, स्पॅनिश नृत्यावर आधारलेला ‘तीन कोनांची टोपी’ लंडनमध्ये प्रचंड गाजला. पंचविशी गाठण्याआधीच मासीन युरोपातले आघाडीचे नृत्यदिग्दर्शक झाले होते.

१९२१ मध्ये त्यांनी कंपनीतल्याच नर्तकीशी लग्न केले आणि निजिन्स्कीसारखीच त्यांचीही हकालपट्टी झाली. काही वर्षांनी ते परतले, पण डायगिलेव यांच्याशी जुने नाते उरले नव्हते. त्यानंतर न्यूयॉर्कच्या रॉक्सी या अवाढव्य चित्रपटगृहात सिनेमाच्या खेळांमधल्या वेळेत नाचाचे कार्यक्रम बसवायची नोकरी त्यांनी पत्करली. रोज अनेक खेळ आणि सतत नवा कार्यक्रम असा तो कारखाना होता. मोठा समूह झटपट हलवायचा कसा, याचा सराव मात्र तिथे भरपूर झाला.

सिम्फनी कुठून आली?

ऑगस्ट १९२९ मध्ये डायगिलेव यांचे निधन झाले आणि कंपनी विखुरली. १९३२ मध्ये रेने ब्लुम आणि कर्नल द बाझील यांनी माँटे कार्लोमध्ये नवी कंपनी उभी केली. मासीन लवकरच तिचे प्रमुख नृत्यदिग्दर्शक झाले. इथे त्यांना दोन गोष्टी मिळाल्या: पूर्ण वाद्यवृंद आणि ताज्या दमाचे तरुण नर्तक.

१३ एप्रिल १९३३ रोजी ‘ले प्रेसाज’ म्हणजे ‘पूर्वसंकेत’ रंगमंचावर आला. चायकोव्हस्की यांच्या पाचव्या सिम्फनीत एक धून चारही भागांत पुन्हा पुन्हा येते आणि ती नियतीची धून मानली जाते. मासीन यांनी हाच धागा पकडला. माणूस विरुद्ध नियती असा ढोबळ विषय घेऊन त्यांनी कृती, प्रेमावेग, चंचलता आणि नियती अशी रूपके मंचावर आणली. कथा अशी नव्हतीच. प्रेमावेगाच्या भागात नाचणारी इरिना बारोनोव्हा तेव्हा जेमतेम १४ वर्षांची होती. आंद्रे मासाँ यांचा भडक रंगांचा पडदाही अनेकांच्या डोळ्यांत खुपला.

ब्राम्स यांच्यावर इतका राग का?

चायकोव्हस्की निदान बॅलेचे संगीतकार तरी होते. ब्राम्स यांनी आयुष्यात एकही बॅले किंवा ऑपेरा लिहिला नाही. कथा, चित्र, प्रसंग यांचा आधार न घेणाऱ्या शुद्ध संगीताचे ते प्रतीक मानले जात. ऑक्टोबर १९३३ मध्ये लंडनच्या अल्हाम्ब्रा थिएटरमध्ये मासीन यांनी त्यांच्याच चौथ्या सिम्फनीवर ‘कोरिआर्टियम’ सादर केला. यात रूपकेही नव्हती. होती ती फक्त हालचाल.

मासीन यांची पद्धत साधारण अशी होती. आधी स्वरलिपीचा कसून अभ्यास. मग वाद्यांच्या गटांना नर्तकांचे गट नेमून द्यायचे. संगीतात दोन धून एकाच वेळी एकमेकींवर चालत असतील, तर मंचावरही दोन गट वेगवेगळ्या चालींनी एकमेकांना छेदत जाणार. वाद्यवृंद भरून आला की मंचही भरणार आणि एकच बासरी उरली की एखादाच नर्तक उरणार. ब्राम्स यांच्या शेवटच्या भागात आठ मात्राखंडांची एकच धून आधाराला धरून तिच्यावर ३० रूपे उभी राहतात. अशी बांधणी समूहाच्या रचनेतून डोळ्यांना दाखवता येते, हा मासीन यांचा दावा होता.

विरोधक आणि समर्थक काय म्हणत होते?

विरोधकांचे मुख्य मुद्दे तीन होते. पहिला, सिम्फनी ऐकताना प्रत्येकाच्या मनात स्वतःचे काही उमटते. नृत्यदिग्दर्शक त्यावर आपले एकच चित्र लादतो. दुसरा, डोळा कानावर मात करतो. समोर ३० माणसे उड्या मारत असतील, तर संगीत पार्श्वसंगीत होऊन जाते. तिसरा मुद्दा व्यवहाराचा: नर्तकाला पेलवेल म्हणून लय ओढली किंवा ढकलली गेली तर नुकसान सिम्फनीचेच.

समर्थकांमध्ये सर्वांत वजनदार नाव अर्नेस्ट न्यूमन यांचे होते. वॅग्नर यांचे चरित्रकार आणि ‘संडे टाइम्स’चे संगीत समीक्षक असलेल्या या माणसाने मासीन यांची बाजू ठामपणे उचलली, त्यामुळे संगीतवाले सगळे विरोधात आहेत, असे म्हणायची सोय राहिली नाही. समर्थकांचा युक्तिवाद असा: संगीतालाही रेषा, वजन, ताण आणि तोल असतो आणि नाचाचीही सामग्री तीच आहे. शोपाँ यांच्या रचनांवरचा नाच चालतो, तर ब्राम्स यांच्यावरचा का नको? आणि बॅले फसला तरी सिम्फनी कुठे जात नाही. पुढच्या मैफलीत ती जशीच्या तशी वाजणारच.

पुढचे प्रयोग कसे ठरले?

१९३६ मध्ये लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये बर्लिओझ यांच्या ‘सिम्फनी फँटास्टिक’वरचा बॅले आला. या सिम्फनीला संगीतकाराने स्वतःच गोष्ट दिलेली आहे: प्रेमात वेडा झालेला कलावंत, नाचाची मेजवानी, वधस्तंभाकडची वाटचाल, चेटकिणींचा जलसा. कलावंताची भूमिका मासीन यांनीच केली. इथे विरोधाची धार बरीच कमी झाली.

१९३८ मध्ये त्यांनी बीथोव्हेन यांची सातवी सिम्फनी घेतली आणि तिच्यावर सृष्टीची उत्पत्ती ते विनाश असा अवाढव्य विषय चढवला. १९३९ मध्ये शोस्ताकोविच यांच्या पहिल्या सिम्फनीवर ‘रूज ए नुआर’ आला. त्याची वेशभूषा आणि नेपथ्य मातीस यांचे होते आणि रंगांचे गट एकमेकांत मिसळत-सुटत जाणे हाच त्याचा विषय होता. या सगळ्यांत एक फरक लक्षात येतो. संगीताची बांधणी दाखवणारे प्रयोग आणि संगीतावर बाहेरून तत्त्वज्ञान चिकटवणारे प्रयोग, असे दोन प्रकार मासीन यांच्याच कामात आहेत. विरोधकांच्या पहिल्या आक्षेपाला दुसऱ्या प्रकाराने जास्त खाद्य पुरवले.

न्यायालयात काय झाले?

१९३७ मध्ये मासीन कर्नल द बाझील यांच्यापासून वेगळे झाले आणि आपल्या बॅलेंचे हक्क मिळावेत म्हणून लंडनच्या न्यायालयात गेले. निकाल त्यांना महागात पडला. १९३२ पूर्वीचे बॅले त्यांचे ठरले, पण १९३२ ते १९३७ या नोकरीच्या काळात बसवलेल्यांचे हक्क कंपनीकडे गेले. ‘ले प्रेसाज’, ‘कोरिआर्टियम’ आणि ‘सिम्फनी फँटास्टिक’ हे तिन्ही याच काळातले. ज्या कल्पनेसाठी त्यांनी जगाशी वाद घातला, तिची मूळ उदाहरणेच त्यांच्या हातून गेली. नव्या कंपनीसाठी त्यांना नव्या सिम्फनींकडे वळावे लागले.

दुसऱ्या महायुद्धात मासीन अमेरिकेत होते. त्यानंतर इतक्या मोठ्या ताफ्याचे बॅले परवडेनासे झाले आणि चवही बदलली. सर्वसामान्य प्रेक्षकांना ते भेटले ते सिनेमातून: ‘द रेड शूज’मध्ये (१९४८) लाल बूट देणारा चांभार त्यांनीच साकारला आहे. इटलीत पोझितानोजवळची चिमुकली ली गाल्ली बेटे त्यांनी तरुणपणीच घेतली होती, तिथे ते घर बांधत राहिले. १९६८ मध्ये आत्मचरित्र आले. मार्च १९७९ मध्ये पश्चिम जर्मनीत त्यांचे निधन झाले.

मग वाद कोण जिंकले?

प्रथेच्या पातळीवर मासीन जिंकले, पण श्रेय मुख्यतः दुसऱ्याला मिळाले. लोपुखोव्ह यांच्या प्रयोगात नाचलेल्या बॅलन्शिन यांनी १९४७ मध्ये पॅरिस ऑपेरासाठी बिझे यांच्या सिम्फनीवर बॅले बसवला. तोच पुढे ‘सिम्फनी इन सी’ नावाने जगभर पोहोचला. ना कथा, ना नियती, ना सृष्टीचा विनाश. मैफलीच्या संगीतावर बॅले करण्यात आज कुणालाच गैर वाटत नाही.

मासीन यांचे सिम्फनी-बॅले मात्र जवळपास हरवले. सिम्फनी स्वरलिपीत टिकते. नाच नर्तकांच्या अंगात टिकतो आणि प्रयोग थांबले की विसरला जातो. ‘ले प्रेसाज’मध्ये पूर्वी नाचलेल्या तात्याना लेस्कोव्हा यांच्या आठवणींच्या आधारे तो १९८९ मध्ये पॅरिस ऑपेराने पुन्हा उभा केला. ‘कोरिआर्टियम’ १९९१ मध्ये बर्मिंगहॅम रॉयल बॅलेने पुन्हा मंचावर आणला.

त्यामुळे करावा का, या प्रश्नाचे उत्तर होकारार्थीच निघते, पण एक अट आहे. नाच पाहिल्यावर ती सिम्फनी अधिक स्पष्ट ऐकू यायला हवी. ‘कोरिआर्टियम’चा प्रयत्न तोच होता. आणि १९३३ मध्ये ज्याची भीती घातली गेली, ते घडले नाही. ब्राम्स यांच्या सिम्फनीला धक्काही लागला नाही, नाहीसा होता होता वाचला तो बॅले.