मजूरमंत्री बाबासाहेब आणि कंत्राटी कामगार

परळच्या चाळीत गिरणी कामगारांच्या शेजारी राहिलेल्या बाबासाहेबांनी १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष काढला. संपाचा हक्क हिरावणाऱ्या विधेयकाविरुद्ध ७ नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबईत संप घडवला. १९४२ ते १९४६ ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. याच काळात रेगे समितीने कंत्राटी मजुरांचे हाल तपासले. त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९७० च्या कायद्याने ठरवले, की कंत्राटदाराने मजुरी बुडवली तर मूळ मालकाने ती द्यावी. २०२० च्या संहितेने ही जबाबदारी कायम ठेवली आणि काही अपवाद सोडून मुख्य कामात कंत्राटी मजूर लावायला मनाई केली. कंत्राटदाराआड लपणाऱ्या मालकाला आपण संघटित होऊन जाब विचारूया. जयभीम!