पाऱ्यावर भरवसा ठेवणारा कप्तान

कोकण किनाऱ्यावर वाढलेल्या माणसाला तीन नंबरचा बावटा म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. बंदरावर तो चढला की तांडेल होड्या किनाऱ्याला ओढून घेतात. वादळाची खूण अशी उंच टांगण्याची पद्धत ब्रिटनमध्ये ज्याने सुरू केली, तो माणूस मात्र आपल्याला दुसऱ्याच कारणाने ठाऊक असतो. चार्ल्स डार्विनला जगप्रवास घडवणाऱ्या ‘बीगल’ जहाजाचा कप्तान, एवढीच रॉबर्ट फिट्झरॉयची ओळख. मला त्याची कहाणी त्याच्या पाहुण्याच्या कहाणीइतकीच मोलाची वाटते.

फिट्झरॉयचा जन्म १८०५ सालचा, इंग्लंडमधल्या एका उमराव घराण्यातला. बाराव्या वर्षी तो नौदलाच्या शाळेत गेला आणि १८२८ साली, अवघ्या तेविसाव्या वर्षी, ‘बीगल’चा कप्तान झाला. आधीच्या कप्तानाने दक्षिण अमेरिकेच्या टोकाला, एकाकीपणाने खचून, स्वतःवर गोळी झाडून घेतली होती. पुढच्याच जानेवारीत प्लाटा नदीच्या मुखाशी जहाज वादळात सापडले. वायुभारमापकातला पारा उतरलेला होता. त्याची पुरेशी दखल घेतली गेली नाही. डोलकाठ्या मोडल्या, दोन खलाशी बुडाले. पुढचे त्याचे सारे आयुष्य या दोन जिवांचे ऋण फेडण्यात गेले, असे मला वाटते.

या यंत्राचे तत्त्व साधे आहे. आपल्या डोक्यावरच्या हवेला वजन असते आणि त्या वजनाने काचेच्या नळीतला पारा तोलला जातो. वादळ जवळ येऊ लागले की हवेचा दाब घटतो आणि पारा उतरतो. पुष्कळदा आभाळ भरून येण्याआधीच!

डिसेंबर १८३१ मध्ये ‘बीगल’ पुन्हा निघाले ते ऑक्टोबर १८३६ मध्ये परतले. रेखांश काढण्यासाठी जहाजावर तब्बल २२ कालमापक घड्याळे होती; त्यांतली काही कप्तानाने पदरमोड करून घेतलेली. हवेचा दाब, तापमान आणि बोफर्टच्या ० ते १२ या मोजपट्टीवर वाऱ्याचा जोर यांच्या नोंदी होत राहिल्या. डार्विन किनाऱ्यावर जीवाश्म गोळा करी आणि कप्तान आकड्यांचे वाण जमवी.

१८५४ साली ब्रिटिश सरकारने त्याला नव्या हवामान कचेरीचा प्रमुख नेमले. जहाजांना पारखलेली यंत्रे द्यायची आणि त्यांच्या नोंदी जमवायच्या, एवढेच काम होते. पण ऑक्टोबर १८५९ मध्ये ऑस्ट्रेलियाहून परतणारे ‘रॉयल चार्टर’ जहाज, घर दिसू लागले असता, वेल्सच्या किनाऱ्यावर फुटले आणि सुमारे ४५० माणसे गेली. तार वादळापेक्षा वेगाने धावते, मग इशारा का देऊ नये? फेब्रुवारी १८६१ पासून त्याने बंदरांना तारा पाठवायला सुरुवात केली. तार येताच काठीवर शंकू आणि पिंप यांच्या आकाराच्या खुणा चढू लागल्या. ऑगस्टमध्ये वृत्तपत्रात रोजचा अंदाजही छापून येऊ लागला. गरीब कोळ्यांसाठी त्याने गावोगावी धक्क्यावर, सर्वांना दिसेल असे वायुभारमापक बसवले.

वेधशाळेने पाऊस सांगितला की छत्री घरी ठेवावी, हा विनोद मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. फिट्झरॉयच्या वाट्याला अशी चेष्टा रोजच आली. शास्त्रज्ञ म्हणत, याला सिद्धान्ताचा पाया नाही. होड्या धक्क्याला बसून राहतात म्हणून मालक चिडत. वडिलोपार्जित पैसा सरकारी कामात संपला होता, प्रकृती ढासळली होती, मन खचले होते. ३० एप्रिल १८६५ रोजी, रविवारच्या सकाळी, त्याने स्वतःच आपले जीवन संपवले.

पुढच्याच वर्षी तज्ज्ञांच्या समितीच्या अहवालानंतर वादळाचे इशारे बंद करण्यात आले. तेव्हा ओरड उठली ती बंदरांतून, दर्यावर्दी माणसांतून. ज्यांचे जीव त्यावर अवलंबून होते त्यांना इशारे हवे होते, चुकतमाकत का होईना! १८६७ साली ते पुन्हा सुरू करावे लागले.

२००२ साली स्पेनच्या वायव्येकडील एका सागरी विभागाला फिट्झरॉयचे नाव देण्यात आले. ब्रिटिश नभोवाणीवरून दर्यावर्दींसाठी हवामानाचे वृत्त दिले जाते, त्यात रोज ते नाव उच्चारले जाते. दोन खलाशांसाठी झुरणाऱ्या कप्तानाला याहून शोभणारे स्मारक मला तरी सुचत नाही.