ज्युसेप्पे मोत्ता

ज्युसेप्पे मोत्ता (२९ डिसेंबर १८७१, ऐरोलो - २३ जानेवारी १९४०, बर्न) हे स्वित्झर्लंडचे राजकारणी आणि मुत्सद्दी होते. १९११ च्या डिसेंबरपासून मृत्यूपर्यंत २८ वर्षे ते संघीय मंडळाचे, म्हणजे स्वित्झर्लंडच्या सात सदस्यीय मंत्रिमंडळाचे सदस्य होते. १९१५, १९२०, १९२७, १९३२ आणि १९३७ असे पाच वेळा त्यांनी देशाचे अध्यक्षपद भूषविले. १९२० पासून अखेरपर्यंत परराष्ट्र व्यवहाराचे खाते त्यांच्याकडे होते. तटस्थ स्वित्झर्लंडने राष्ट्रसंघात सामील व्हावे की नाही, या प्रश्नावरील सार्वमतात त्यांनी प्रवेशाची बाजू जिंकून दिली. पुढे १८ वर्षांनी राष्ट्रसंघाच्या निर्बंधांच्या बंधनातून देशाला बाहेर काढण्याचे कामही त्यांनाच करावे लागले.

== प्रारंभिक जीवन ==

मोत्ता यांचा जन्म तिचिनो या इटालियन भाषक कँटनमधील ऐरोलो या गावी झाला. आल्प्समधील गोथार्ड खिंडीच्या दक्षिण पायथ्याशी हे गाव आहे. वडील सिगिस्मोंदो हे तेथे हॉटेल चालवीत. १८८२ मध्ये गोथार्डचा रेल्वे बोगदा वाहतुकीस खुला झाला आणि जर्मन भाषक उत्तर व इटालियन भाषक दक्षिण यांना जोडणाऱ्या लोहमार्गावर ऐरोलो आले. तीन भाषांच्या सीमेवरील या वातावरणात वाढलेल्या मोत्ता यांनी इटालियन, फ्रेंच आणि जर्मन या तिन्ही भाषांवर प्रभुत्व मिळविले.

त्यांनी फ्रिबूर, म्युनिक आणि हायडेलबर्ग येथे कायद्याचे शिक्षण घेतले. हायडेलबर्ग येथे डॉक्टरेट मिळविल्यानंतर त्यांनी ऐरोलो येथे वकिली सुरू केली. १८९९ मध्ये त्यांचा विवाह आगोस्तिना आंद्रेआत्सी यांच्याशी झाला. या दांपत्यास दहा अपत्ये झाली.

== राजकीय कारकिर्दीचा आरंभ ==

कॅथलिक पुराणमतवादी पक्षाचे उमेदवार म्हणून मोत्ता १८९५ मध्ये तिचिनोच्या विधिमंडळावर आणि १८९९ मध्ये स्वित्झर्लंडच्या संसदेच्या कनिष्ठ सभागृहात निवडून आले. १४ डिसेंबर १९११ रोजी त्यांची संघीय मंडळावर निवड झाली. १८६४ नंतर या मंडळात तिचिनोचा एकही प्रतिनिधी नव्हता. त्यामुळे इटालियन भाषक अल्पसंख्याकांच्या दृष्टीने ही निवड महत्त्वाची ठरली.

१९१२ ते १९१९ या काळात त्यांच्याकडे अर्थ व सीमाशुल्क खाते होते. पहिल्या महायुद्धात सीमारक्षणासाठी सैन्य सज्ज ठेवण्याचा खर्च वाढत गेला, तर आयातीवरील जकातीचे उत्पन्न घटले. ही तूट भरून काढण्यासाठी युद्धकराची योजना मांडण्यात आली. १९१५ मधील सार्वमतात ती फार मोठ्या बहुमताने मंजूर झाली.

महायुद्धाच्या काळात देशांतर्गत ऐक्यावरही ताण पडला होता. जर्मन भाषकांची सहानुभूती जर्मनीकडे, तर फ्रेंच भाषकांची फ्रान्सकडे होती. १९१७ मध्ये जर्मनी आणि रशिया यांच्यात स्वतंत्र तह घडवून आणण्याचा गुप्त प्रयत्न परराष्ट्र खात्याचे प्रमुख आर्थर हॉफमन यांनी केला. तो उघडकीस येताच त्यांना राजीनामा द्यावा लागला. स्वित्झर्लंडच्या तटस्थतेविषयी दोस्त राष्ट्रांच्या मनात यामुळे संशय निर्माण झाला होता.

== राष्ट्रसंघ प्रवेशाचा वाद ==

=== तटस्थतेचा पेच ===

१८१५ च्या पॅरिस तहान्वये युरोपातील महासत्तांनी स्वित्झर्लंडची चिरस्थायी तटस्थता मान्य केली होती. १९१९ च्या व्हर्साय तहातही तिला दुजोरा मिळाला आणि राष्ट्रसंघाचे मुख्यालय म्हणून जिनिव्हा शहराची निवड झाली. तथापि, राष्ट्रसंघाच्या सनदेतील सोळाव्या कलमामुळे अडचण उभी राहिली. सनद मोडून युद्ध पुकारणाऱ्या राष्ट्राविरुद्ध सर्व सदस्यांनी व्यापारी व आर्थिक संबंध तोडावेत आणि संघाच्या वतीने कारवाई करणाऱ्या सैन्यास आपल्या प्रदेशातून वाट द्यावी, असे हे कलम सांगत होते. सामुदायिक सुरक्षेच्या या व्यवस्थेत कोणाचीही बाजू न घेणाऱ्या देशाला स्थान कसे मिळणार, हा मूळ प्रश्न होता.

यावर तोडगा काढण्याचे काम तत्कालीन परराष्ट्र प्रमुख फेलिक्स कालोंदेर, कायदेतज्ज्ञ माक्स ह्यूबर आणि विल्यम रापार यांनी आरंभिले होते. १९२० च्या प्रारंभी कालोंदेर पदावरून दूर झाले आणि परराष्ट्र खाते मोत्ता यांच्याकडे आले. १३ फेब्रुवारी १९२० रोजी राष्ट्रसंघाच्या कौन्सिलने लंडन येथे एक जाहीरनामा संमत केला. लष्करी कारवाईत भाग घेणे, परकीय सैन्यास वाट देणे आणि आपल्या भूमीवर लष्करी मोहिमेची तयारी होऊ देणे, या तिन्ही गोष्टींतून त्याद्वारे स्वित्झर्लंडला सूट मिळाली. आर्थिक निर्बंधांत सहभागी होण्याचे बंधन मात्र कायम राहिले. या व्यवस्थेला पुढे विभेदित तटस्थता असे नाव पडले.

=== १९२० चे सार्वमत ===

संसदेने नोव्हेंबर १९१९ मध्ये प्रवेशास दिलेली संमती सर्व महासत्ता राष्ट्रसंघात सामील होतील या अटीवर होती. अमेरिकन सिनेटने व्हर्साय तह नाकारल्यामुळे मार्च १९२० मध्ये ही अट काढून टाकावी लागली. अंतिम निर्णय लोकांच्या आणि कँटनांच्या दुहेरी बहुमतावर अवलंबून होता.

विरोधकांत परस्परविरोधी मतांचे गट एकत्र आले होते. समाजवादी पक्षाच्या मते राष्ट्रसंघ ही भांडवलशाही राष्ट्रांची संघटना होती. महायुद्धातील सरसेनापती उलरिख विले यांच्यासह जर्मन भाषक प्रदेशातील अनेकांना तो जर्मनीला बाहेर ठेवून जेत्यांनी स्थापलेला गट वाटत होता. आर्थिक निर्बंध लादणारा देश प्रतिपक्षाच्या नजरेत तटस्थ राहूच शकत नाही, हा त्यांचा सर्वांत प्रभावी मुद्दा होता.

त्या वर्षी अध्यक्षपदावर असलेल्या मोत्ता यांनी देशभर प्रचार केला. भिन्न भाषा आणि धर्म यांचे लोक एका संघराज्यात नांदू शकतात हे स्वित्झर्लंडने सिद्ध केले आहे, तेव्हा त्याच तत्त्वावरील जागतिक प्रयत्नापासून त्याने दूर राहणे योग्य नाही, अशी त्यांची भूमिका होती. लहान राष्ट्राचे संरक्षण शस्त्रांपेक्षा आंतरराष्ट्रीय कायद्यावर अधिक अवलंबून असते, असेही ते मानीत.

१६ मे १९२० रोजी मतदान झाले. ४,१६,८७० मते बाजूने आणि ३,२३,७१९ मते विरोधात पडली. सुमारे ५६ टक्के मतदारांचा पाठिंबा मिळाला असला, तरी कँटनांचा कौल ११½ विरुद्ध १०½ असा निसटता होता. फ्रेंच व इटालियन भाषक प्रदेशांनी भरघोस पाठिंबा दिला, तर झुरिकसह अनेक जर्मन भाषक कँटनांनी प्रस्ताव फेटाळला.

== राष्ट्रसंघातील कार्य ==

नोव्हेंबर १९२० मध्ये जिनिव्हा येथे राष्ट्रसंघाची पहिली आमसभा भरली. यजमान देशाचे अध्यक्ष म्हणून मोत्ता यांनी प्रतिनिधींचे स्वागत केले. ब्रिटिश सत्तेखालील भारतही संस्थापक सदस्य या नात्याने या सभेत सहभागी होता. १९२४ च्या आमसभेचे अध्यक्षपद मोत्ता यांना मिळाले. जर्मनीला संघात प्रवेश मिळावा यासाठी ते आग्रही होते. हा प्रवेश १९२६ मध्ये झाला. आंतरराष्ट्रीय तंटे लवादामार्फत सोडविण्याचे ते पुरस्कर्ते होते. त्यांच्या कारकिर्दीत स्वित्झर्लंडने जर्मनी, इटली आदी देशांशी लवादाचे करार केले.

तटस्थतेची पहिली कसोटी लवकरच लागली. व्हिल्नियस शहरावरून पोलंड आणि लिथुएनिया यांच्यात वाद होता. तेथे सार्वमत घेण्यासाठी अनेक देशांच्या तुकड्यांचे आंतरराष्ट्रीय दल पाठविण्याची राष्ट्रसंघाची योजना होती. आजच्या शांतिसेनांशी साम्य असलेल्या या दलाच्या काही तुकड्यांना स्वित्झर्लंडमधून जाऊ द्यावे, अशी विचारणा झाली. मोहिमेचे रूपांतर संघर्षात होण्याची भीती असल्याने संघीय मंडळाने नकार दिला. राष्ट्रसंघाच्या वर्तुळात त्यावर नाराजी उमटली. सार्वमताची योजना १९२१ मध्ये सोडून देण्यात आली आणि ते दल रवाना झालेच नाही.

== सोव्हिएत संघाविषयी धोरण ==

मोत्ता हे कट्टर साम्यवादविरोधी होते. मे १९२३ मध्ये लोझान येथे सोव्हिएत मुत्सद्दी व्होरोव्हस्की यांची हत्या झाली आणि आरोपी निर्दोष सुटला. त्यामुळे दोन्ही देशांतील संबंध अत्यंत बिघडले. सप्टेंबर १९३४ मध्ये सोव्हिएत संघाच्या राष्ट्रसंघ प्रवेशाला मोत्ता यांनी आमसभेत जाहीर विरोध केला. ३९ राष्ट्रांनी बाजूने मत दिले, सात तटस्थ राहिली. विरोधात फक्त स्वित्झर्लंड, नेदरलँड्स आणि पोर्तुगाल उरले. या भाषणाने मायदेशी त्यांची लोकप्रियता वाढली. मात्र सर्व राष्ट्रांना सामावून घेणारा संघ हवा, या त्यांच्याच पूर्वीच्या भूमिकेशी ते विसंगत असल्याची टीका झाली.

== इथिओपिया आणि निर्बंधांचा प्रश्न ==

१९३५ मध्ये इटलीने इथिओपियावर आक्रमण केल्यावर राष्ट्रसंघाने इटलीवर आर्थिक निर्बंध लादले. इटली हा स्वित्झर्लंडचा शेजारी आणि मोठा व्यापारी भागीदार होता. लंडन जाहीरनाम्यानुसार स्वित्झर्लंडने निर्बंध पाळणे अपेक्षित होते. मोत्ता यांनी मधला मार्ग स्वीकारला. इटलीला कर्ज देण्यावर बंदी घातली गेली. परंतु इटालियन मालाची आयात बंद करण्याऐवजी ती पूर्वीच्या प्रमाणात मर्यादित ठेवण्यात आली. शस्त्रांची निर्यातबंदी आक्रमक आणि आक्रमित अशा दोघांनाही लागू झाली. शस्त्रांची अधिक गरज इथिओपियाला असल्याने ही समान वागणूक प्रत्यक्षात समान नव्हती. डिसेंबर १९३६ मध्ये स्वित्झर्लंडने इथिओपियावरील इटलीचे सार्वभौमत्व मान्य केले.

मोत्ता फॅसिस्ट इटलीशी अवाजवी सौम्यपणे वागले, असा आक्षेप समाजवाद्यांनी तेव्हा आणि काही इतिहासकारांनी नंतर घेतला. जर्मनीच्या बाबतीत मात्र त्यांनी ठामपणा दाखविल्याचे उदाहरण आहे. मार्च १९३५ मध्ये नाझी हस्तकांनी बर्थोल्ड याकोब या निर्वासित पत्रकाराचे बाझेल येथून अपहरण केले. मोत्ता यांनी लवादाच्या कराराचा आधार घेऊन पाठपुरावा केला आणि सप्टेंबरमध्ये जर्मनीला याकोब यांना परत पाठवावे लागले.

== पूर्ण तटस्थतेकडे पुनरागमन ==

जर्मनी आणि इटली राष्ट्रसंघातून बाहेर पडल्यानंतर निर्बंधांत भाग घेणे म्हणजे शेजाऱ्यांचे शत्रुत्व ओढवून घेणे ठरले असते. मार्च १९३८ मध्ये जर्मनीने ऑस्ट्रिया गिळंकृत केल्यावर हा धोका अधिकच जवळ आला. मोत्ता यांच्या प्रयत्नांनंतर १४ मे १९३८ रोजी राष्ट्रसंघाच्या कौन्सिलने स्वित्झर्लंडला आर्थिक निर्बंधांतूनही मुक्त केले. सदस्यत्व कायम राहिले. परंतु १९२० मधील तडजोड संपुष्टात आली.

दुसरे महायुद्ध सुरू झाल्यानंतर काही महिन्यांतच, २३ जानेवारी १९४० रोजी, पदावर असतानाच मोत्ता यांचे बर्न येथे निधन झाले. त्यांच्या रिक्त जागी तिचिनोचेच एन्रिको चेलिओ निवडून आले.

== वारसा ==

मोत्ता यांच्या काळातील वाद त्यांच्यानंतरही अनेक दशके चालू राहिला. १९८६ च्या सार्वमतात सुमारे तीन चतुर्थांश मतदारांनी संयुक्त राष्ट्रांचे सदस्यत्व नाकारले. १९९४ मध्ये शांतिसेनेसाठी तुकडी देण्याचा प्रस्तावही फेटाळला गेला. २००१ मध्ये परदेशातील शांतता मोहिमांवरील स्विस सैनिकांना स्वसंरक्षणार्थ शस्त्रे देण्यास अल्प बहुमताने मान्यता मिळाली. ३ मार्च २००२ च्या सार्वमतात सुमारे ५५ टक्के मतदारांनी संयुक्त राष्ट्रांच्या सदस्यत्वाला कौल दिला. कँटनांचा कौल १२ विरुद्ध ११ असा होता. १९२० प्रमाणेच या वेळीही तो एका कँटनाच्या फरकाने ठरला.